वजन सर्वांत शेवटी: सह्याद्रीत पाठीवर न्यायच्या तंबूविषयी

तंबूच्या दुकानात शिरलेला ट्रेकर बहुधा आधी एकच करतो. पिशवीत गुंडाळलेला तंबू उचलून तळहातावर दोनदा झेलतो आणि मग पिशवीवर छापलेला वजनाचा आकडा वाचतो. दीड किलो असेल तर चेहरा खुलतो, तीन किलो असेल तर तंबू मुकाट्याने परत फळीवर जातो. ही सवय अगदीच वेडगळ नाही. सॅकमध्ये जे भरले ते चढणीवर आपल्यालाच वाहायचे असते. पण हा आकडा तंबूबद्दल फार थोडे सांगतो, आणि सांगतो तेही अर्धवट. पुष्कळ कंपन्या दोन वजने देतात. पहिल्यात आतला तंबू, वरचे आवरण आणि पोल एवढेच धरलेले असते. मेखा, तणावे आणि पिशव्या दुसऱ्यात येतात. जाहिरातीत ठळक छापतात तो अर्थातच पहिला आकडा. मेखा घरी ठेवून कोणी मुक्कामाला जात नाही, तेव्हा खरेदीच्या वेळी वाचलेला दोन-तीनशे ग्रॅमचा भार चढणीवर पुन्हा पाठीवर येऊन बसतो. तरीही ही हातचलाखी किरकोळ म्हणावी अशी दुसरी मोठी गफलत त्या आकड्यामागे आहे. तंबू हलका केला म्हणजे त्यातून काहीतरी काढून टाकले. काय काढले आणि ते कुठल्या जमिनीवर चालून जाते, हे आकडा सांगत नाही. या पुस्तिकेचे सारे म्हणणे यातूनच निघते: जमीन, दव आणि जमिनीवर रात्री फिरणारे जीव यांचा विचार आधी करावा, त्यातून जे तंबू टिकतील त्यांच्यापैकी सर्वांत हलका घ्यावा. वजनाचा प्रश्न विचारायचाच, पण सर्वांत शेवटी.

शेवटी विचारायचा म्हणजे त्याला किंमत द्यायची नाही, असे मात्र नव्हे. सह्याद्रीत एका किलोची किंमत फार नेमकी सांगता येते: एक लिटर पाणी. हिमालयातल्या बहुतेक वाटांवर ओढे-नाले भेटत राहतात. आपल्याकडे फेब्रुवारी सरू लागला की गडांवरची टाकी तळ दाखवायला लागतात, असलेले पाणी गाळून-उकळून घ्यावे लागते आणि घाटवाटेच्या ओढ्यात नुसते गोटे उरतात. दिवसाचे चालणे आणि रात्रीचा स्वयंपाक धरला तर माणशी चार-पाच लिटर पाणी हवेच, आणि ते बरेचदा पायथ्याच्या वाडीतून भरून वर न्यावे लागते. एका दिवसाच्या ट्रेकला तंबू लागत नाही. एखाद्या गडावर एकच रात्र काढायची असली तर तीन किलोंचा तंबूही दोन-तीन तास वाहिला की झाले, त्यासाठी खिसा रिकामा करण्यात अर्थ नाही. पण जो एका घाटवाटेने कोकणात उतरतो, दुसरीने पुन्हा देशावर चढतो आणि असे चार दिवस चालतो, त्याच्या लेखी तंबूत वाचलेला किलो म्हणजे पाण्याची जादा बाटली, आणि एप्रिलच्या उन्हात त्या बाटलीचे मोल कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तेव्हा हलकेपणाचा सोस म्हणजे परदेशी चोचले, असे म्हणणाऱ्या जुन्या खोडांशी मी सहमत नाही. आक्षेप हलकेपणाला नाहीच. भलत्याच मुलखासाठी कमावलेला हलकेपणा आपल्या कातळावर जसाच्या तसा आणून ठेवण्याला आहे.

हलक्या तंबूचा इतिहास पाहिला तर त्यात जागोजागी मुलूखच बोलताना दिसतो. एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाने १८६०च्या दशकात आल्प्ससाठी स्वतःच एक तंबू बेतला: लाकडी काठ्यांच्या दोन जोड्या, उतरते छप्पर आणि खालची जमीनही कापडाला शिवलेली. वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलोंच्या आतबाहेर. आज हे ऐकून हसू येते, पण तो वाहायला हमाल होते आणि त्याला उंचावरच्या वादळात उभे राहायचे होते. त्या हिशोबात तो हलकाच होता. पुढे आल्बर्ट ममरीने काठ्याच गाळून टाकल्या. गिर्यारोहकाच्या हातात बर्फाची कुऱ्हाड असतेच, मग तीच उभी करून तिच्यावर कापड ताणले तर वेगळी काठी कशाला न्यायची? हा ममरी १८९५ साली नंगा पर्वतावर नाहीसा झाला, पण त्याची युक्ती टिकली. चालायच्या काठ्यांवर उभे राहणारे आजचे अतिहलके तंबू त्याच कुळातले. १९५५ साली एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची आजी अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब अपालाचियन वाट एकटीने चालून गेली, तेव्हा तिच्याजवळ तंबू नव्हता. पावसासाठी न्हाणीघराचा पडदा होता. हलक्या प्रवासाची आद्य गुरू म्हणून तिचे नाव घेतात ते योग्यच आहे. मात्र त्या वाटेवर ठरावीक अंतराने तीन भिंतींच्या लाकडी खोपी उभ्या आहेत आणि ही आजी वाटेतल्या लोकांच्या ओसरीवरही पथारी टाकत असे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. रे जार्डीन या अमेरिकी ट्रेकरने १९९०च्या दशकात तंबू सोडून नुसते छत ताणण्याचा पुरस्कार केला, तो पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर चालून आल्यावर. त्या वाटेचा मोठा भाग कॅलिफोर्नियातून जातो. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि लोक चालतात कोरड्या उन्हाळ्यात, म्हणून छत पुरते. आपल्याकडे याच शहाणपणाचा सर्वांत सुबक नमुना म्हणजे इरले. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते ओझे जवळपास नसल्यासारखेच, पण ज्याचे दोन्ही हात चिखलात आहेत आणि पाठ वाकलेली आहे अशा लावणी करणाऱ्या माणसासाठी ते घडलेले आहे. हलके आहे म्हणून त्यात रात्र काढायला कोणी जात नाही. तंबूच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

आता जमीन. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हाचे एकावर एक थर. या थरांमुळेच गडांना सपाट माच्या मिळाल्या, आणि जिथे जागा सपाट तिथे पुष्कळदा वर चार बोटे माती किंवा मुरूम आणि खाली अखंड कातळ. कोकणातल्या सड्यांवर जांभा असतो, तिथेही तीच गत. अशा ठिकाणी वीतभर लांबीची अॅल्युमिनियमची मेख ठोकून पाहावी. पहिल्या दोन ठोक्यांत ती दोन बोटे आत जाते, तिसऱ्याला खणकन आवाज येतो, चौथ्याला तिचे डोके वाकते. मग माणूस ती उपटून वीतभर बाजूला ठोकतो आणि पुन्हा तोच खणखणाट ऐकतो. हा प्रकार ज्याच्या नशिबी नेहमीचा आहे त्याने तंबूचे दोन वंश ओळखून ठेवावेत. एका वंशात वाकवलेले पोल एकमेकांना छेद देतात आणि घुमट स्वतःच्याच ताणावर उभा राहतो. मेखा लागतात त्या तो उडू नये आणि वरचे आवरण नीट ताणले जावे म्हणून. दुसऱ्यात तंबूला स्वतःचा सांगाडाच नसतो. मधे एक किंवा दोन काठ्या, आणि चहूबाजूंनी तणाव्यांनी ओढलेले कापड. या दुसऱ्या वंशातच सर्वांत हलके तंबू मिळतात, कारण सांगाड्याचे काम त्यांनी जमिनीवर सोपवलेले असते. जमीन ते काम करायला तयार असेल, तर ही योजना खरोखर सुरेख आहे. कातळ तयार नसतो. अशा तंबूची एक कोपऱ्याची मेख निघाली की भिंत सैल पडत नाही, अख्खे छप्पर अंगावर येते.

यावर अनुभवी माणूस म्हणेल की मेख गेली तर दगड आहेत ना, सह्याद्रीत दगडांना काय तोटा. म्हणणे खरे आहे, आणि दगडाने तंबू बांधायची रीत ट्रेकरने शिकायलाच हवी. तणावा थेट मोठ्या धोंड्याला गुंडाळला तर धारेवर घासून तुटतो. म्हणून तो एका लहान दगडाला किंवा आडव्या काटकीला बांधायचा, आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, तणाव्यावरच मोठा धोंडा ठेवायचा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला जाऊन अडकतो. घुमटाकार तंबूला ही रीत उत्तम लागू पडते, कारण दगड चार बोटे सरकला तरी घुमटाचा आकार तोच राहतो. काठीवर ताणलेल्या तंबूला मात्र प्रत्येक कोपरा ठरल्या जागी, ठरल्या कोनात लागतो आणि चार बोटांची ढीलही त्याला पाडायला पुरते. त्यात वाऱ्याचा हिशोब सरळ नसून वर्गाचा असतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरच्या कापडावर चौरस मीटरमागे साधारण सात किलोंचा दाब देतो. वेग दुप्पट होऊन ८० झाला की दाब चौपट होतो, अठ्ठावीसच्या घरात जातो. दोन माणसांच्या तंबूची एक बाजू दोन चौरस मीटर धरली तर त्या क्षणी पन्नासएक किलोंचे ओझे त्या धोंड्यांवर आले. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी पश्चिमेचा वारा उभ्या भिंतीवर आपटून वर उसळतो, आणि कड्याच्या काठावरून सूर्यास्त दिसावा म्हणून नेमकी तीच जागा लोक तंबूला निवडतात.

काठ्यांचीही एक गोष्ट आहे. ताणून उभ्या राहणाऱ्या तंबूचे वजन सांगताना काठ्या धरत नाहीत, कारण त्या चालणाऱ्याच्या हातात असतातच असे गृहीत असते. हा ममरीचाच युक्तिवाद. सह्याद्रीच्या घाटवाटांवर तो उलटतो. कातळटप्पा आला, खोबणीत बोटे रुतवायची वेळ आली की काठ्या मिटून सॅकला लावाव्या लागतात, आणि म्हणून इथले पुष्कळ जण त्या नेतच नाहीत, फार तर गावातून घेतलेली एक बांबूची काठी असते. त्यांनी असा तंबू घेतला तर केवळ तो उभा करण्यासाठी काठ्यांची जोडी विकत घेऊन वाहायची. पाव ते अर्धा किलो तिथेच परत आला. फुकटात मिळणारी वस्तू आपल्या घरी असेल तरच ती फुकट.

जमिनीपेक्षाही फसवे असते ते दव. तंबू घेताना लोक विचारतात, पाणी अडवतो का? त्यासाठी पिशवीवर आणखी एक आकडा असतो, कापडावर किती मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला म्हणजे ते पाझरू लागते त्याचा. दीड हजार, तीन हजार, पाच हजार. जितका मोठा तितका बरा असे वाटते आणि तेवढा लेप वाढतो, लेपाबरोबर वजनही. पण सह्याद्रीतला मुक्कामाचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे ज्या महिन्यांत पाऊस जवळजवळ नसतो. या रात्रींचे पाणी आकाशातून पडत नाही, आपल्या नाका-तोंडातून आणि त्वचेतून येते. मोठे माणूस दिवसाकाठी घाम धरल्याशिवायच सुमारे ८०० मिलिलिटर पाणी श्वासातून आणि कातडीतून सोडते. आठ तासांच्या झोपेत हे पाव लिटरच्या पुढे जाते, दोघे असले तर अर्धा लिटर झाला. बाहेर निरभ्र रात्र असते, तंबूचे कापड आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही गार पडते. मग बाहेरच्या हवेतले दव वरून बसते, आतल्या श्वासाचे दव खालून. पहाटे पाचला टॉर्च लावून पाहिले तर वरच्या कापडाच्या आतल्या अंगाला मोहरीएवढे थेंब ओळीने लोंबलेले असतात. वाऱ्याने कापड फडफडले की त्यांचाच तुषार तोंडावर येतो, आणि स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग भिंतीला टेकला असला तर तो ओलाकिच्च होतो. ट्रेकर घरी जाऊन सांगतो, तंबू गळला. तंबू गळलेला नसतो, त्याला नीट श्वास घेता आलेला नसतो.

म्हणूनच एकाच कापडाचा तंबू, हलक्या तंबूंमधला आणखी एक लोकप्रिय प्रकार, आपल्याकडे जपून घ्यावा. त्यात आतला जाळीचा तंबू गाळलेला असतो आणि म्हणून वजन उतरलेले असते, पण थेंब आणि झोपणारा यांच्यामध्ये काही उरत नाही. दोन थरांच्या तंबूत थेंब बाहेरच्या कापडावरून ओघळून जमिनीला जातात, आणि जे सुटतात त्यातले पुष्कळसे जाळी झेलते. बाहेरचे आवरण जमिनीपासून वीतभर वर आणि माथ्याला झडप असलेले हवे, म्हणजे गार हवा खालून येऊन दमट हवा वरून जाते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेनी ओढून घेणारा माणूस दोन अंश ऊब कमावतो आणि अंथरूण गमावतो. जागेनेही निम्मे काम होते: झाडाखाली आकाश झाकलेले असल्याने दव कमी, धरणाच्या काठाशी आणि खोलगट जागी गार हवा साचून दव सर्वांत जास्त. जलाशयाकाठी ओळीने लावलेले तंबू छायाचित्रात देखणे दिसतात, यापलीकडे त्या जागेची भलामण करता येत नाही. आणि सकाळी निघायची घाई असली तर हा ओला तंबू तसाच गुंडाळावा लागतो, पाव किलो पाण्यासकट. दुकानात वाचलेला आकडा पहिल्याच पहाटे खोटा पडतो तो असा.

कापडांविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे निवडीवर परिणाम करणारे तेवढेच सांगतो. कापडावर २० डेनियर लिहिलेले असते, त्याचा अर्थ त्या धाग्याचे ९००० मीटर भरले २० ग्रॅम. सात-दहा डेनियरचा धागा म्हणजे कोळिष्टकाच्या जवळ गेलेली चीज. करवंदीच्या जाळीला घासला की संपला. नायलॉन चिवट असते पण पाणी पिते आणि ओले झाले की सैलावते, त्यामुळे संध्याकाळी ताठ ताणलेला तंबू मध्यरात्री पोट सोडतो. पॉलिस्टर थोडे कमी चिवट, पण दवाने ढिले पडत नाही आणि उन्हालाही जास्त दाद देत नाही. तिसरे कापड डायनिमाच्या तंतूंचे, शर्यतीच्या शिडाच्या बोटींच्या जगातून आलेले. ते पाणी पीत नाही, ताणले जात नाही, आणि त्यातून अख्खा तंबू पाऊण किलोच्या आत बसवता येतो; किंमत मात्र साध्या तंबूच्या दहापट होऊ शकते. पण मुंबई-कोकणातल्या माणसाला या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा प्रश्न लेपाचा आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या तंबूंना पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि उष्ण, दमट हवेत त्याचे हळूहळू विघटन होते. फेब्रुवारीत शेवटचा ट्रेक करून अर्धवट ओला तंबू माळ्यावर टाकला, मधे पावसाळा गेला, ऑक्टोबरात पिशवी उघडली तर आंबूस वास आणि हाताला चिकटणारे कापड. तंबू चालून झिजला नाही, झोपून कुजला. सिलिकॉनचा लेप असा कुजत नाही, शिवाय हलका असतो. त्याच्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही म्हणून शिवणी हाताने लेपून घ्याव्या लागतात, ही कटकट आहे, पण एकदाच. सह्याद्रीसाठी सिलिकॉन लावलेले पॉलिस्टर हे माझ्या मते सर्वांत समंजस कापड, मग ते नायलॉनपेक्षा शंभर ग्रॅम जड पडले तरी.

परदेशी हलक्या तंबूंतून आणखी एक गोष्ट सर्रास काढलेली असते, ती म्हणजे तळ. नुसते छत, खाली एक पातळ कागद, बाजूंनी उघडे. आपल्या डोंगरात हे काटकसरीच्या नावाखाली केलेले धाडस ठरते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. सड्यांवर फुरसे असते. नेपाळच्या दक्षिण भागातल्या सर्पदंशांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणी खोवून झोपणाऱ्यांना तिचे मोठे संरक्षण मिळते असे त्यात दिसले. चेन लावलेला, तळ शिवलेला जाळीचा तंबू म्हणजे शेवटी तळ असलेली मच्छरदाणीच. लाल विंचवाची गोष्ट वेगळी सांगायला नको, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तो कोकणातल्याच रुग्णांवर काम करताना. हा विंचू दगडाखाली राहतो, आणि आपण वर म्हटले की मेख गेली तर दगड घ्यावा. तेव्हा दगड आधी काठीने किंवा बुटाने उलटवावा, मगच हात घालावा. तळ आणि जाळी यांचे मिळून चारेकशे ग्रॅम होतात. तंबूत एवढे एकच वजन असे आहे की जे कमी करण्याच्या सल्ल्याकडे मी सरळ दुर्लक्ष करीन.

सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो घरचाच आहे: सह्याद्रीत तंबू हवाच कशाला? राजगडावर पद्मावतीचे देऊळ आहे, तोरण्यावर मेंगाईचे, हरिश्चंद्रगडावर आणि रतनगडावर गुहा आहेत, पायथ्याला गावातल्या मारुतीचे देऊळ किंवा कोणाची तरी पडवी आहे. पिढ्यान् पिढ्या लोक एक सतरंजी घेऊन हिंडले. हा आक्षेप मला निम्म्याहून जास्त मान्य आहे. जिथे देऊळ किंवा पडवी मिळते तिथे तंबू लावण्यात काही पुरुषार्थ नाही, आणि अशा फेरीसाठी सर्वांत हलका तंबू म्हणजे घरी ठेवलेला तंबू. पण शनिवारी रात्री गाजलेल्या गडावरच्या गुहेत पाय ठेवायला जागा नसते हेही तितकेच खरे. शिवाय देवळे आणि गुहा गडांवर आहेत, घाटवाटांवर नाहीत. दोन घाटवाटांच्या मधल्या पठारावर अंधार झाला तर ओढ्याकाठची सपाटी हाच मुक्काम. आणि नियम बदलत चालले आहेत. संरक्षित स्मारकांवर मुक्कामाला मनाई असू शकते, कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात वन खात्याचे म्हणणे चालते. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने तर २०१८ साली तिथल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामालाच बंदी घातली. तंबू कुठे लावता येतो हे तंबू घेण्याआधी विचारावे, हा सल्ला दहा वर्षांपूर्वी विनोदी वाटला असता.

दुसरा आक्षेप खिशाचा. हे सगळे गुण असलेला दीड किलोंचा तंबू महाग पडतो. बाजारात सहज मिळणारा अडीच-तीन किलोंचा घुमट त्याच्या पाव किमतीत येतो. याला उत्तर भागाकाराने द्यावे. दोघांच्या तंबूचे पोल आणि मेखा एकाकडे, कापडे दुसऱ्याकडे दिली की माणशी भार दीड किलोच्या वर जात नाही, आणि एकट्याने घेतलेला नऊशे ग्रॅमचा महागडा तंबू त्याच्याहून फार हलका उरत नाही. त्या स्वस्त घुमटाला स्वतःचा सांगाडा असतो, तळ असतो, जाळी असते. म्हणजे आपल्या जमिनीच्या बहुतेक परीक्षा तो आधीच पास झालेला असतो. त्याचा लेप मात्र कुजणारा असतो, तो वाळवून ठेवला की झाले. हलक्या तंबूच्या पुस्तिकेने जड तंबूची शिफारस करावी हे विचित्र दिसेल, पण जोडीने फिरणाऱ्या नवख्यासाठी ती शिफारस प्रामाणिक आहे. सदैव एकटे फिरणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला भागाकार उपलब्ध नाही, म्हणून पैसे त्याने खर्चावेत.

पावसाळ्याविषयी थोडक्यात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात घाटमाथ्यावर कुठलाही हलका तंबू कोरडा राहत नाही, कारण हवाच पाण्याने भरलेली असते आणि खालून ओहोळ वाहतात. जुलैत देऊळ गाठावे किंवा रात्री घरी परतावे. या महिन्यांसाठी म्हणून जास्त मिलिमीटरचा, जड लेपाचा तंबू घेऊन उरलेले वर्षभर तो वाहणे हा तोट्याचा सौदा. हिमालयाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तंबू खेचरे वाहतात आणि तो संस्थेचा असतो, तेव्हा स्वतःच्या तंबूची निवड त्यांच्यापुढे येतच नाही. जे स्वतःचे ओझे स्वतः घेऊन जातात त्यांना बर्फाचा भार पेलणारा सांगाडा आणि जमिनीपर्यंत येणारे आवरण लागते, म्हणजे आपल्या हिवाळी तंबूच्या नेमके उलट. एकच तंबू दोन्हीकडे न्यायचा हट्ट धरला की दोन्हीकडे चुकीचा तंबू मिळतो. हिमालयाचा तिथे भाड्याने घ्यावा हे बरे.

पुढील प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी मुक्कामाची जागा, मग सांगाडा, मग हवा खेळण्याची सोय, तळ आणि जाळी, कापड आणि लेप, शेवटी वाळवणे आणि साठवण. कंपन्यांची आणि नमुन्यांची यादी मुद्दाम टाळली आहे, कारण नमुने दर मोसमात बदलतात आणि कातळ बदलत नाही. वजनांचा तक्ता शेवटच्या पानावर आहे. त्यात वजन लिहिण्यासाठी तीन रकाने ठेवले आहेत: पिशवीवर छापलेले, मेखा-तणाव्यांसकट काट्यावर भरलेले, आणि डिसेंबरातल्या एका रात्रीनंतर सकाळी सातला ओला तंबू गुंडाळल्यावर भरलेले. तिसरा रकाना कोरा आहे, तो ज्याचा त्याने भरायचा आहे.